दावा आला म्हणून काय झालं? आधी तो वाचा!

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हण खोटी नाही. पण पायरी आपण चढलो नाही म्हणून कोर्ट आपल्या दारात यायचे थोडेच थांबते! एखाद्या दुपारी बेलिफ येतो, ‘इथं सही करा’ म्हणतो, हातात जाडसर कागद देतो आणि निघून जातो. घरात पुरुषमाणूस नसेल तर तो कागद न उघडताच देव्हाऱ्याखालच्या खणात जातो. ‘हे आल्यावर बघतील!’ हे येतात, दोन ओळी वाचतात, कपाळाला आठ्या घालतात आणि कागद पुन्हा खणात. महिना असाच निघून जातो.

मैत्रिणींनो, त्या महिन्यातच पुष्कळ काही करता येते. त्यातली पहिली गोष्ट तर इतकी साधी आहे की तिला वकिलीची परीक्षा द्यावी लागत नाही. दावा शांतपणे वाचायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : ‘यात लिहिलंय ते सगळं खरं धरलं, तरी कायद्यानं या माणसाला काही मिळतं का?’

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर साक्षीपुराव्याची वर्षानुवर्षांची वाट न तुडवता दावा दारातच अडवता येतो. आपल्या दिवाणी कायद्यात त्याची सोय आहे. ती कशी, तिचा उपयोग कुठे होतो आणि मुख्य म्हणजे कुठे होत नाही, हे आज समजून घेऊ.

करार तर आपण रोजच करतो

करार म्हटले की डोळ्यांपुढे स्टॅम्पपेपर येतो. पण मुदखेडसारखे गाव घ्या. नांदेडजवळचे रेल्वे जंक्शन. आदिलाबादकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. आजूबाजूच्या शिवारात फुलशेती. अशा गावात लग्नसराईत मंडपाला हारतोरणे पुरवण्याचा शब्द, गुत्तेदाराला घरबांधणीसाठी दिलेली उचल, प्लॉटची इसारपावती, अडीनडीला घेतलेले हातउसने हे सगळे करारच. काही कागदावर असतात, पुष्कळसे तोंडी. तोंडी करारही कायद्याने करारच असतो; तो सिद्ध करणे तेवढे अवघड जाते.

यातले बरेच व्यवहार घरातले पुरुष करतात. बाईला त्याची खबर लागते ती पुष्कळदा ते गेल्यावर, किंवा दारात समन्स आल्यावर.

एक उदाहरण कल्पू या. फुलांचा व्यापार करणारे एक गृहस्थ २०२४ मध्ये वारले. घरात बायको, दोन मुले आणि धाकटा दीर. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाचा कागद आला.

‘‘वहिनी, दावा लावलाय कुणीतरी. तीन लाख मागायलेत.’’

‘‘कसले हो भाऊजी? हे कधी बोलले नाहीत मला.’’

‘‘दादानं हातउसने घेतले होते म्हणे. घर विकून देतो म्हणून सांगून टाकू का? कोर्टात कोण जाणार!’’

इथेच थांबा, भाऊजी! अगोदर त्या कागदात काय लिहिले आहे ते पाहू. दावा लावणाऱ्याच्या या लेखी अर्जाला ‘वादपत्र’ म्हणतात. तो ‘वादी’ आणि आपण ‘प्रतिवादी’. समजा, वादपत्रात पुढील पाच गोष्टी आहेत.

एक, वादीने जून २०२२ मध्ये बाईंच्या पतीला तीन लाख रुपये हातउसने दिले. दोन, परतीची तारीख ठरली नव्हती. मागू तेव्हा देऊ अशी बोली होती. तीन, पती २०२४ मध्ये वारले. चार, ऑगस्ट २०२५ मध्ये वादी बाईंच्या घरी गेला, पैसे मागितले, बाईंनी नकार दिला आणि ‘त्या दिवशी दाव्यास कारण घडले’. पाच, म्हणून ही रक्कम बाईंकडून व्याजासह मिळावी.

वाचताना वाटते, सगळे कसे जिथल्या तिथे! पण जाणता वकील पहिल्या परिच्छेदावरच बोट ठेवील. उसन्या पैशांचा दावा १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांत लावावा लागतो. ‘मागू तेव्हा देऊ’ अशी बोली असली तरी ही तीन वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, मागितल्याच्या दिवसापासून नव्हे. मुदत एकदा धावू लागली की माणूस वारला म्हणून ती थांबत नाही. म्हणजे जून २०२५ मध्येच ती संपली. ऑगस्टात घरी येऊन पैसे मागितले म्हणून ती पुन्हा जिवंत होत नाही. तो चौथा परिच्छेद वरून चढवलेला साज आहे!

बाईंनी काही नाकारायच्या आधीच, वादीच्या स्वतःच्या लिहिण्यावरून दावा कायद्याच्या बाहेर गेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कायदा काय म्हणतो?

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्यात सातव्या आदेशाचा अकरावा नियम आहे. कोर्टाच्या आवारात ‘ऑर्डर सात रूल अकरा’ म्हणा, कारकुनापासून सगळ्यांना कळते. या नियमाप्रमाणे न्यायाधीश वादपत्र नामंजूर करू शकतात. त्याची मुख्य कारणे चार.

पहिले, वादपत्रात दाव्याचे कारणच दिसत नाही. कोणता करार, तो कुणी मोडला, त्याने वादीचा कोणता हक्क दुखावला, याचा धागा लागत नाही. दुसरे, दाव्याची किंमत कमी दाखवली आहे आणि कोर्टाने सांगूनही वादीने ती दुरुस्त केली नाही. तिसरे, कोर्ट फी अपुरी भरली आहे आणि दिलेल्या मुदतीत पुरी केली नाही. चौथे, वादपत्रातील मजकुरावरूनच दावा एखाद्या कायद्याने अडतो, जसा आपल्या उदाहरणात मुदतीने अडला.

चौथ्या कारणाची आणखी दोन उदाहरणे आपल्या गावगाड्यात नेहमी भेटतात. ‘अमुक आणि कंपनी’ अशा भागीदारी पेढीची नोंदणी झालेली नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे त्या पेढीला करारावरून बाहेरच्या माणसावर सहसा दावा लावता येत नाही. दुसरे उदाहरण सावकारीचे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे कर्ज देताना सावकाराजवळ वैध परवाना नसेल, तर कोर्ट त्याला हुकूमनामा देत नाही. मात्र एखाद्याने ओळखीत एकदा उसने पैसे दिले म्हणून तो सावकार ठरत नाही. धंदा म्हणून पैसे फिरवणारा सावकार. आणि तो सावकार आहे हे वादपत्रातच दिसत नसेल, तर ते पुराव्याने दाखवावे लागते. दारात अडवता येत नाही.

शब्दांच्या जाळ्यात कोर्टही अडकू नये

कसलेले लेखनिक दाव्याला असा मुलामा देतात की आत काही नसले तरी भरीव वाटावे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बेंगळुरूच्या एका भाडेकरूच्या प्रकरणात खालच्या न्यायालयांना यावरच बजावले. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाचा आशय असा : वादपत्र नुसते चाळू नका, अर्थ लावत वाचा, चतुर लेखणीने दाव्याच्या कारणाचा नुसता आभास उभा केला असेल, तर तो पहिल्याच सुनावणीत खुडून टाका.

अगदी अलीकडे, ९ जुलै २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सुरतकडच्या शेतजमिनीच्या प्रकरणात हेच केले. निकाल न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिला. जमीन विकणाऱ्यांनी २००९ मध्ये सुमारे पावणेदोन कोटी रुपयांचे खरेदीखत नोंदवून दिले. त्यांचे म्हणणे असे की, किमतीपोटी ३६ चेक लिहिले होते, पण हातात पडले ते फक्त चाळीस हजार रुपये. मग खरेदीखत रद्द करा म्हणून त्यांनी दावा लावला. कधी? डिसेंबर २०१४ मध्ये! साडेपाच वर्षांनी.

न्यायालयाने सांगितले, पैसे मिळाले नाहीत हे तुमचे म्हणणे खरे धरले तरी ते तुम्हाला २००९ सालीच ठाऊक होते. तीन वर्षांची मुदत केव्हाच गेली. शिवाय किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्यावर नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही. फार तर राहिलेल्या किमतीसाठी दावा लावता आला असता. साक्षीदार बोलावण्याची वेळच आली नाही.

हे वाचून मनाला चटका लागतो. पण त्यातून आपण घ्यायचा धडा उघड आहे. चेक वटल्याशिवाय खरेदीखतावर सही नको. आणि फसवणूक झाली तर ‘आज ना उद्या देतील’ म्हणत वर्षे घालवणे नको. दारातच अडवणारा हा नियम आपल्या बाजूने जसा चालतो, तसाच आपल्यावरही उलटतो.

एका अकरा वर्षांच्या मुलीचा दावा

‘हे सगळे खरे, पण दारातच जिंकलो की संपले ना?’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच मुंबईतल्या एका गाजलेल्या खटल्यात आहे.

रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, वाचायला शिकल्या, मोठ्या झाल्या. नवऱ्याच्या घरी त्या कधी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला : माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

तेव्हा सगळीकडे एकच वाद होता. लग्न हा संस्कार की करार? आणि करार म्हणावे, तर अकरा वर्षांच्या मुलीची संमती ती कोणती? १८७२ चा करार कायदा तर सांगतो की अज्ञान व्यक्तीला करारच करता येत नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांनी रखमाबाईंचा नवरा चांगला की वाईट हे तोलले नाही. लग्न झाले, बायको येत नाही, हे सगळे त्यांनी धरूनच घेतले. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. असा दावा इंग्रजी कायद्यातून आलेला. तो एकत्र नांदत असलेले आणि मग वेगळे झालेले जोडपे पुन्हा एकत्र यावे यासाठी आहे. जी कधी नांदलीच नाही, तिला पहिल्यांदा बळाने पाठवण्याचा दावा ना इंग्रजी कायद्यात आहे, ना हिंदू धर्मशास्त्रात. म्हणजे दावाच उभा राहत नाही!

आजच्या नियमाखालचा अर्ज तो नव्हता, पण प्रश्न तोच होता : सगळे खरे धरले तरी कायदा हे देतो का?

रखमाबाई जिंकल्या. पण किती दिवस? १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवला. असा दावा चालू शकतो, म्हणाले, आणि प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कळवले, कैद पत्करीन, पण जाणार नाही. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि रखमाबाई मोकळ्या झाल्या. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली. १९५५ मध्ये त्या वारल्या. हुकूम न पाळणाऱ्या पत्नीला कैदेत टाकण्याची तरतूद १९२३ च्या दुरुस्तीने गेली.

या खटल्याकडे आपण धैर्याची गोष्ट म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण आपल्या विषयासाठी त्यात आणखी एक शिकवण आहे. दारातला विजय हा शेवटचा विजय असेलच असे नाही. अपील होते, निकाल फिरतो आणि मग आपली सगळी बाजू मांडायची तयारी असावी लागते.

जोडखात्याची गोष्ट

आता आजच्या काळातले, आणि आपल्यापैकी बहुतेकींना लागू होणारे प्रकरण पाहा. बँकेत नवराबायकोचे जोडखाते. चेकवर सही फक्त नवऱ्याची. चेक परत गेला. फिर्याद मात्र दोघांवर!

मुंबईच्या अशाच एका प्रकरणात जमिनीच्या व्यवहारातला चेक होता तब्बल २५ कोटी रुपयांचा. बायकोचे म्हणणे एवढेच, ‘चेकवर माझी सही नाही, मग माझ्यावर खटला कसा?’ खाली तिला दाद मिळाली नाही, उच्च न्यायालयातही नाही. १ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र तिचे म्हणणे मान्य केले. चेक परत गेल्याचा गुन्हा हा चेक लिहून देणाऱ्याचा. जोडखात्यात नुसते नाव आहे म्हणून, सही केली नसताना, दुसऱ्याला आरोपी करता येत नाही. तिच्यापुरता खटला रद्द झाला.

चेकचा हा खटला फौजदारी स्वरूपाचा असतो. त्याला ‘ऑर्डर सात’ चालत नाही. तिथे प्रोसेस रद्द करण्यासाठी वरच्या न्यायालयात जावे लागते. नांदेड-लातूरकडच्या बायकांसाठी ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, खंडपीठ. आणखी एक भेद लक्षात ठेवा. चेकची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून फक्त १५ दिवसांत पैसे देण्याची संधी असते. ती नोटीस खणात टाकून चालत नाही.

कुठे हा उपाय चालत नाही?

इथे बायकांची सर्वांत मोठी चुकीची समजूत असते. ‘अहो, पैसे तर आम्ही दिवाळीला फेडले! माझ्या डायरीत लिहिलंय की!’ हे शंभर टक्के खरे असेल. पण अकराव्या नियमाचा अर्ज ऐकताना न्यायाधीश तुमची डायरी उघडणार नाहीत. त्या टप्प्यावर ते फक्त वादपत्र आणि त्याला जोडलेले कागद पाहतात. तुमची बाजू, मग ती कितीही खरी असो, बाजूला राहते. सर्वोच्च न्यायालयाने हे पुनःपुन्हा सांगितले आहे. डायरी, पावत्या, साक्षीदार यांची जागा कैफियतीत आणि पुराव्यात.

दुसरे, वादपत्र अर्धे ठेवून अर्धे नामंजूर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केले. आपल्या उदाहरणातल्या बाईंचाच आणखी एक मुद्दा घ्या. नवऱ्याचे कर्ज बायकोने स्वतःच्या कमाईतून फेडावे असे कायदा म्हणत नाही. वारस म्हणून नवऱ्याची जी मालमत्ता तिच्या हाती आली असेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी तिच्यावर येते. तिचा पगार, तिचे स्त्रीधन, माहेरचे दागिने यांच्यावर नाही. पण दावा मुदतीत असता, तर एवढ्या मुद्द्यावर तो दारात अडला नसता; हा मुद्दा कैफियतीत मांडावा लागला असता.

तिसरे, कधी कधी दोष दाखवणे म्हणजे समोरच्याला शहाणे करणे. कोर्ट फी कमी पडली, दोन ओळी राहिल्या, असले दोष कोर्टाच्या परवानगीने दुरुस्त होतात. वादपत्र नामंजूर झाले तरी मुदत शिल्लक असेल तर वादी तेच कारण घेऊन नवा दावा आणू शकतो. म्हणून मुदतीसारखा, दुरुस्त न होणारा दोष असेल तेव्हाच या अर्जाला खरे बळ. नुसत्या तारखा पाडण्यासाठी अर्ज केला तर खर्च आपल्याच अंगावर बसतो आणि न्यायाधीशांचे मनही कलुषित होते.

समन्स आल्यावर काय करावे?

पाकिटावर, मिळाल्याची तारीख आधी लिहा. समन्ससोबत वादपत्राची प्रत आहे ना, हे पाहा. कैफियत देण्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात. कोर्ट कारण पाहून ते ९० दिवसांपर्यंत वाढवते. तारखेला कुणीच गेले नाही तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो, मग दावा कितीही पोकळ का असेना!

वादपत्र वाचताना कागदावर तारखांची यादी करा : करार कधी, पैसे कधी दिले, परतीची तारीख ठरली होती का, करार मोडला कधी, दावा दाखल कधी. परतीची तारीख ठरलेली असेल तर मुदत त्या तारखेपासून मोजतात. मुदत मोजताना करोनाचा काळ विसरू नका. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळलेले आहेत. मधे कुणी लेखी कबुली दिली होती का, काही रक्कम फेडल्याची लेखी नोंद आहे का, हेही पाहा. मुदत त्यामुळे वाढली असेल तर ते वादीने वादपत्रातच सांगावे लागते.

ही यादी घेऊन वकिलांकडे जा आणि विचारा, ‘‘वकीलसाहेब, यात अकराव्या नियमाचा अर्ज बसतो का? आणि बसत असेल तरी कैफियत तयार ठेवायची ना?’’ दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. अर्जावर समोरचा ‘म्हणणे’ देतो, दोन्ही वकील बोलतात, मग आदेश होतो. वादपत्र नामंजूर झाले तर तो कायद्याने हुकूमनामाच. वादी त्यावर अपील करू शकतो. अर्ज फेटाळला गेला तर आपण दावा हरलो असे नव्हे. दावा पुढे चालतो, एवढेच.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा; १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

हे कात्रण कपाटाच्या दाराला लावून ठेवा

• ‘नावापुरती सही करा वहिनी, हिशेबाला लागते’ असे कुणी म्हणाले तर सही करू नका. मुदत संपण्याआधी दिलेल्या लेखी कबुलीने मुदत पुन्हा नव्याने सुरू होते.

• मुदत संपल्यावरही ‘हे पैसे मी देईन’ असे लिहून सही केली, तर तो नवा करार होतो आणि सही करणारी व्यक्ती त्यात अडकते.

• नवऱ्याच्या पश्चात त्याच्या कर्जाची तोंडी वा लेखी हमी घाईने देऊ नका. आधी वारसा म्हणून काय आले आहे ते पाहा.

• पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. ‘पोलीस नेतील’ ही भीती कुणी घातली तर ती पोकळ समजा.

• अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाने बाईने अंगावरून काढू नये असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रासारखे, यांची जप्ती होत नाही.

• उसने दिलेल्या पैशांची तारीखही तितक्याच काळजीने टिपून ठेवा. उद्या आपण वादी असू आणि दारात अडवणारा समोरचा असेल.

कायद्याचे कागद आपल्यासाठी नाहीत असे आपणच ठरवून टाकलेले असते. खरे तर किराण्याची यादी तपासणारी, दूधवाल्याच्या खाड्यांचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी बाई वादपत्रातल्या तारखा वकिलाच्या आधी पकडील! घरात कोर्टाचा कागद आला तर तो कुणाच्या नावाचा आहे हे नंतर पाहा. आधी उघडा, चष्मा लावा, शेवटपर्यंत वाचा आणि तारखा एकीखाली एक मांडा.